विकरांचा धडा आणि उसाचे कोडे

अकरावीच्या जीवशास्त्रातला विकरांचा, म्हणजेच एंझाइमांचा, धडा शिकवायला सोपा समजला जातो. त्याची मांडणी ठरलेली असते. बहुतेक विकरे ही प्रथिने असतात, ती स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवतात, एक विकर ठरावीक पदार्थावरच काम करते, एवढे सांगून झाले की कुलूप-किल्लीची आकृती येते. मग तापमान, सामू आणि मूळ पदार्थाचे प्रमाण यांचे तीन आलेख येतात. शेवटी रोधकांविषयी चार-पाच ओळी आणि लाळेने स्टार्चचे विघटन करून दाखवण्याचा प्रयोग. यावर परीक्षेत ठरावीक प्रश्न येतात आणि मुले त्यांची ठरावीक उत्तरे लिहितात.

या धड्यात चुकीचे असे काही नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. हा धडा विकराला परीक्षानळीत ठेवून पाहतो आणि तिथेच संपतो. विकर काय करू शकते हे त्यातून कळते. सजीवाच्या शरीरात ते केव्हा, कुठे आणि किती करू दिले जाते, हे कळत नाही. पीक वाढवणाऱ्या, साठवणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसाचे नफा-नुकसान मात्र बहुतांशी या दुसऱ्या गोष्टीवर ठरते. साखर फोडणाऱ्या विकरांचे उदाहरण घेऊन ही उणीव किती मोठी आहे ते पाहू.

एक साधा प्रश्न

आमच्याकडे संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही अनेक वर्षे एक प्रश्न विचारत आलो आहोत. हे विद्यार्थी एम.एस्‌सी. झालेले असतात आणि बरेचसे ऊस पिकवणाऱ्या भागातले असतात. प्रश्न असा: उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ते साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, विघटन करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार करते. उसाच्या पेशीतील रिक्तिकेत, जिथे साखर साठते तिथला रस आम्लधर्मी असतो आणि या विकराला आम्लधर्मी परिसरच मानवतो. आपल्याकडचे तापमानही त्याला सोयीचे आहे. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो. तरीही पक्व उसाच्या रसात सुमारे १७ ते २० टक्के सुक्रोज असते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून बहुधा एक टक्क्याच्या आतच भरतात. असे का?

बहुतेकांचे उत्तर धड्यातल्या तीन आलेखांतून येते. तापमान योग्य नसेल, सामू योग्य नसेल, साखर फार झाल्याने विकराचा वेग कमाल मर्यादेला पोचला असेल. कुलूप आहे, किल्ली आहे, मग दार का उघडत नाही, याचे चौथे उत्तर त्यांना सुचत नाही. उसाने हे विकर त्या पेरात तयार करणेच कमी केले असेल, किंवा तयार झालेल्या विकराला धरून ठेवणारे दुसरे काही असेल, हा विचार मनात यावा असे त्यांना कुणी शिकवलेलेच नसते. हा दोष मुलांचा नाही.

धड्याचे मूळ कुठे आहे

गंमत अशी की या धड्याचे मुख्य आधारस्तंभ साखर फोडणाऱ्या विकरांवरच उभे आहेत. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर त्याची पातळी उजवीकडे वळते. सुक्रोजचे विघटन झाल्यावर तीच डावीकडे वळते, कारण फ्रुक्टोजचा डावीकडचा प्रभाव ग्लुकोजच्या उजवीकडच्या प्रभावापेक्षा जास्त असतो. दिशेच्या या उलटापालटीवरूनच इन्व्हर्टेज हे नाव पडले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी १८६० मध्ये ते यीस्टच्या अर्कातून अल्कोहोलच्या साहाय्याने वेगळे केले. जर्मनीत एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती यीस्टमधील इन्व्हर्टिन आणि बदामातील इमल्सिन यांच्या अर्कांवरील प्रयोगांतून सुचलेली होती. बर्लिनमध्ये मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकराचा वेग आणि मूळ पदार्थाचे प्रमाण यांचे नाते मांडले, तेही इन्व्हर्टेजवर काम करूनच. पदवीच्या वर्गात पाठ करावे लागणारे समीकरण ते हेच.

या कामाचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ते कशावर झाले हे ध्यानात घेतले पाहिजे. यीस्टमधील हे विकर मुख्यतः पेशीपटलाच्या बाहेर असते, विपुल असते आणि पेशीतून काढल्यावरही टिकते. म्हणून त्याचा अभ्यास पेशीपासून तोडून करता आला. रसायनशास्त्राला तेव्हा तेच हवे होते. विकराच्या कामासाठी पेशी जिवंत असण्याची गरज नाही, हे सिद्ध करणे त्या काळी मोठी गोष्ट होती. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्या काळाची उत्तरे घेतली आणि त्याबरोबर त्या काळाच्या मर्यादाही घेतल्या.

वरच्या वर्गांच्या पुस्तकांत याला एक सुधारणा जोडलेली असते. कॉशलंड यांनी १९५८ मध्ये मांडले की कुलूप ताठर नसते, किल्ली आत येताना ते थोडे आकार बदलते. ही सुधारणा योग्यच आहे, पण ती कुलपाच्या घडणीविषयी आहे. दार कुणी, केव्हा उघडायचे हा प्रश्न तिथेही येत नाही.

उसाच्या पेरात काय घडते

आता शेताकडे वळू. हिरव्या पानात तयार झालेली साखर बहुतेक पिकांत सुक्रोजच्या रूपाने रसवाहिन्यांतून खाली जाते. ती जिथे पोचते तिथे, म्हणजे मूळ, कोंब, दाणा, फळ किंवा कंद यांत, वापरण्यासाठी आधी फोडावी लागते. फोडण्याचे दोन मार्ग आहेत. एक इन्व्हर्टेजचा, ज्यात पाण्याच्या साहाय्याने सुक्रोज कायमचे फुटते. दुसरा सुक्रोज सिंथेज या विकराचा, जो उलटाही चालू शकतो. इन्व्हर्टेजचेही तीन प्रकार आहेत. एक पेशीभित्तिकेला चिकटलेले, दुसरे रिक्तिकेतले आणि तिसरे पेशीद्रवात असणारे. पहिली दोन आम्लधर्मी परिसरात काम करतात, तिसरे उदासीन परिसरात. रासायनिक क्रिया एकच, पण तिन्ही ठिकाणी तिचा अर्थ वेगळा. पेशीभित्तिकेतले विकर रसवाहिनीतून आलेली साखर बाहेरच फोडते. त्यामुळे तिथले सुक्रोज कमी होते आणि आणखी साखर त्या दिशेने येत राहते. रिक्तिकेत एका रेणूचे दोन झाले की परासरणाचा दाब वाढतो, पाणी आत ओढले जाते आणि पेशी फुगते. म्हणजे कोवळ्या अवयवाची वाढ काही अंशी या विकराच्या जोरावर होते.

उसाच्या बाबतीत हे चित्र प्रथम स्पष्ट केले ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे काम करणाऱ्या ग्लॅझिऊ, हॅच आणि सॅकर यांनी. पुढे १९६६ मध्ये स्लॅक यांच्यासोबत उसातील प्रकाशसंश्लेषणाचा चार कार्बनी मार्ग उलगडणारे हॅच ते हेच. या गटाच्या १९६३ मधील शोधनिबंधांनुसार वाढत्या, कोवळ्या पेरांत आम्लधर्मी इन्व्हर्टेज भरपूर असते. पेर पक्व होऊ लागले की ते जवळजवळ नाहीसे होते आणि उदासीन इन्व्हर्टेज मुख्य ठरते. उसाच्या वाढ्याजवळचा भाग कमी गोड आणि बुडखा जास्त गोड का, हे यावरून समजते. वाढ्याजवळ साखर खर्च होत असते, बुडख्याकडे ती शिल्लक पडत असते.

त्यानंतर हवाईमधील संशोधकांनी १९९७ मध्ये या गोष्टीला आणखी नेमकेपणा दिला. पेरात साखर किती साठते हे एकट्या इन्व्हर्टेजवर ठरत नाही. साखर तयार करणारे सुक्रोज फॉस्फेट सिंथेज आणि साखर फोडणारे आम्लधर्मी इन्व्हर्टेज यांच्या क्रियाशीलतेतील फरकाशी तिचे नाते जुळते, असे त्यांना आढळले. साखर एकीकडे बनत आणि दुसरीकडे फुटत असते, आणि आपल्याला दिसतो तो दोन्हींचा ताळेबंद. वर्गात हे सांगितले तर मुलांना चटकन कळते, कारण घरखर्चाचा हिशेब त्यांना ठाऊक असतो.

आता ऊस तोडला की काय होते? पानांतून येणारी साखर थांबते, कांडीतले पाणी कमी होऊ लागते, आणि आम्लधर्मी इन्व्हर्टेजची क्रियाशीलता पुन्हा वाढते. त्यात तोडलेल्या टोकांतून शिरणाऱ्या जीवाणूंची भर पडते. शेतात सव्वा वर्ष सांभाळलेली साखर काही दिवसांत फुटू लागते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांपासून कारखान्यात दाणेदार साखर होत नाही, उलट ती मळीत जाताना काही सुक्रोजही सोबत नेतात. गुऱ्हाळवाल्यांना हे शास्त्राआधीच माहीत होते. शिळ्या किंवा कोवळ्या उसाच्या रसाचा गूळ नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो, हा त्यांचा अनुभव म्हणजे फुटलेल्या साखरेचीच खूण.

उसाचा रास्त आणि किफायतशीर दर २००९ पासून कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी जोडलेला आहे. तोड लांबली किंवा मोळ्या फडात पडून राहिल्या तर वजन घटते ते एका शेतकऱ्याचे, आणि उतारा घटतो तो सगळ्यांचा. तोडणीचा दिवस बहुधा शेतकऱ्याच्या हातात नसतो. ज्यांच्या घरात हा हिशेब दर हंगामात होतो त्यांची मुले आपल्या वर्गात विकरांचा धडा शिकतात, आणि त्या धड्यात हा विषय कुठेही नसतो. आम्हांला याचे वाईट वाटते.

पहारेकरी

विकराचे नियंत्रण अनेक पातळ्यांवर होते. त्याचे जनुक कोणत्या पेशीत आणि कोणत्या वयात जागे होईल हे ठरलेले असते. साखरेचे प्रमाण, जखम, रोग, वनस्पतींची संप्रेरके या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. विघटनातून झालेले फ्रुक्टोज आणि ग्लुकोज हेही इन्व्हर्टेजला थोडे आवरून धरतात. पण या साऱ्यांत सर्वांत लक्षवेधी आहे ते वनस्पतीने स्वतःच तयार केलेले रोधक प्रथिन.

बटाट्यात असे प्रथिन असल्याचे श्विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६१ मध्ये नोंदवले. बटाट्याच्या अर्कात इन्व्हर्टेज मोजावे तर ते अपेक्षेपेक्षा कमी भरे, कारण त्याला बांधून ठेवणारे काहीतरी त्याच अर्कात होते. प्रेसी यांनी १९६७ मध्ये हे रोधक शुद्ध करून त्याचे गुणधर्म सांगितले. बरीच वर्षे अनेकांना शंका होती की हा केवळ अर्क काढताना पेशी फुटल्यामुळे होणारा योगायोग असावा. तंबाखूतील अशा रोधकाचे जनुक जर्मनीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती आले, आणि १९९९ मध्ये तेच जनुक बटाट्यात घालून थंडीत होणारे साखरेचे विघटन कमी करता येते हे दाखवले गेले. त्यानंतर रोधकाचे खरे काम काय याविषयीची शंका बरीच मावळली. विकर आणि रोधक एकमेकांत कसे बसतात याची त्रिमितीय रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. रोधकाचा एक छोटा भाग सरळ विकराच्या क्रियास्थानात जाऊन बसतो, आणि ही पकड किती घट्ट हे परिसराच्या सामूवर ठरते. कुलपाच्या भोकात घरच्याच माणसाने बोट घालून ठेवावे, तसे हे आहे.

आता आपल्या धड्यातील रोधकांच्या ओळी आठवून पाहा. तिथे उदाहरण येते मॅलोनेटचे, नाहीतर सायनाइडचे. म्हणजे रोधक हा बाहेरून आलेला भामटा किंवा विष. औषधे रोधक म्हणून काम करतात असेही कधीकधी सांगितलेले असते. पण सजीव स्वतःच्या विकरांवर स्वतःच पहारेकरी नेमतो, ही कल्पना तिथे नसते. आमच्या मते या धड्यातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. तिच्यामुळे मुलाच्या मनात विकराचे चित्र बेलगाम यंत्राचे राहते, आणि रोधकाचे चित्र बिघाडाचे.

बटाट्याची गोष्ट

नियंत्रण सुटले की काय होते हे दाखवण्यासाठी बटाट्याएवढे सोपे उदाहरण नाही. बटाटा थंडीत ठेवला की गोड होतो, याचा शास्त्रीय अभ्यास म्युलर-थुर्गाऊ यांनी १८८२ मध्येच प्रसिद्ध केला होता. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली कंदातील काही स्टार्च सुक्रोजमध्ये बदलते आणि रिक्तिकेतील इन्व्हर्टेज ते फोडते. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलेला बटाटा भाजीला चालतो. त्याचे वेफर केले तर ते काळपट आणि कडवट होतात, कारण ग्लुकोज व फ्रुक्टोज तळताना अमिनो आम्लांशी संयोग पावतात. सुक्रोज तसा संयोग पावत नाही. याच क्रियेत ॲक्रिलामाइड हा संशयास्पद पदार्थ तयार होतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधील निष्कर्ष जाहीर झाल्यानंतर जगाच्या लक्षात आले. म्हणजे प्रश्न केवळ रंगाचा राहिला नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन येथील गटाने २०१० मध्ये बटाट्यातील रिक्तिकेच्या इन्व्हर्टेजचे एकच जनुक दाबून टाकले. असे बटाटे थंडीत ठेवूनही त्यांचे काप फिकट राहिले आणि ॲक्रिलामाइड सुमारे पंधरा पटींनी कमी झाले. आपल्याकडे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने दुसऱ्या वाटेने, म्हणजे संकर आणि निवड यांतून, १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना १ व २ हे वेफरसाठीचे वाण दिले. असे बटाटे साठवताना तापमान १० ते १२ अंश ठेवतात आणि कोंब येऊ नयेत म्हणून वेगळा उपाय करतात. दोन्ही वाटांनी गाठायचे ते एकच: कंदात फुटलेली साखर कमी राहिली पाहिजे.

विकर काढून टाकले की झाले?

बटाट्याची गोष्ट इथेच थांबवली तर मात्र एक नवा गैरसमज तयार होतो. वृत्तपत्रांतले आणि लोकप्रिय मासिकांतले बरेच लेखन तिथेच थांबते. अमुक जनुक सापडले, आता उत्पादन वाढणार, असा त्याचा सूर असतो. इन्व्हर्टेज म्हणजे साखरचोर, त्याला हाकलले की घर भरेल, असे वाचकाला वाटते. कुलूप-किल्लीच्या धड्यावर वाढलेल्या वाचकाला ते पटते, कारण त्याच्या दृष्टीने विकर म्हणजे एक सुटा भाग. प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो ते पाहू.

मक्यात लहान दाण्यांचा एक प्रकार १९४६ मध्ये वर्णिलेला आहे. त्याचे कारण मिलर आणि चौरे यांनी १९९२ मध्ये दाखवले. दाण्याच्या तळाशी, जिथे मातृवनस्पती संपते आणि दाणा सुरू होतो, तिथले पेशीभित्तिकेचे इन्व्हर्टेज त्यात नसते. तेवढ्या एका जागचे विकर नाही म्हणून दाणा सामान्य दाण्याच्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शापर्यंत भरतो. टोमॅटोत आम्लधर्मी इन्व्हर्टेज दाबले तेव्हा, १९९६ मधील प्रयोगात, फळात सुक्रोज साठले खरे, पण फळे सुमारे ३० टक्क्यांनी लहान झाली. पेशी फुगण्यासाठी लागणारा दाबच कमी पडला, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. उसात आम्लधर्मी इन्व्हर्टेज कमी करण्याचा प्रयोगही झाला. २००१ मधील अहवालानुसार त्या उसातील साखरेत अपेक्षित वाढ दिसली नाही. हिशेबातील एक रकाना खोडल्याने शिल्लक वाढतेच असे नाही.

सर्वांत बोलके उदाहरण भाताचे आहे. चिनी संशोधकांनी २००८ मध्ये भाताचा दाणा भरण्याशी संबंधित एक जनुक ओळखले. ते पेशीभित्तिकेच्या इन्व्हर्टेजचेच निघाले. हे जनुक त्याच्या स्वतःच्या नियंत्रक भागासह जास्त प्रमाणात दिले तेव्हा उत्पादन वाढले. तेच जनुक दुसऱ्या नियंत्रक भागाला जोडून जागोजागी चालू केले तेव्हा दाणे लहान झाले. विकर तेच, मूळ पदार्थ तोच, बदलली फक्त जागा आणि वेळ. शिवाय जंगली भाताशी तुलना केल्यावर दिसले की लागवडीच्या भातात या जनुकाचे काम दाणा भरताना ठरावीक जागेपुरतेच मर्यादित झालेले आहे. हजारो वर्षे चांगले बी निवडून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातून या जनुकाच्या नियंत्रणात बदल घडला, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

उलट बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. टोमॅटोच्या जंगली नातेवाइकाकडून आलेल्या एका इन्व्हर्टेजमध्ये एका अमिनो आम्लाच्या फरकाने फळातील साखर वाढते, हे इस्राएलमधील गटाने २००४ मध्ये दाखवले. म्हणजे कुलपाची घडणही महत्त्वाची आहे आणि फिशर यांची उपमा निकामी झालेली नाही. पण २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील गटाने विकराला हातही न लावता, टोमॅटोतील त्याच्या रोधकाचे जनुक दाबले. तेव्हाही फळातील साखर वाढली, बिया वजनदार झाल्या आणि पाने उशिरा पिकली. बटाट्यात रोधक वाढवून फायदा झाला, टोमॅटोत रोधक कमी करून. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. ते परस्परविरोधी वाटतील ते फक्त ज्याने विकराकडे जागा आणि वेळ वगळून पाहिले आहे त्याला.

धड्याच्या बाजूने

धड्याची बाजू घेणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला असा की अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी भर नको. हे आम्हांला मान्य आहे. म्हणून आम्ही भर घालायला सांगत नाही, अदलाबदल सुचवतो. विकरांच्या वर्गांची नावे आणि त्यांचे उपवर्ग पाठ करण्यात जाणारा वेळ एका जिवंत उदाहरणाला दिला तर वजन वाढणार नाही. दुसरा मुद्दा असा की या वयात सोपे चित्रच द्यावे, गुंतागुंत पुढे येईलच. यातला पहिला भाग बरोबर आहे. पण पुढे ती येतेच असे दिसत नाही, हे वरच्या प्रश्नाच्या उत्तरांवरून कळते. शिवाय विज्ञान शाखेला न जाणाऱ्या मुलांसाठी ‘पुढे’ असे काही नसतेच. आणि नियंत्रण ही कल्पना अवघड आहे, असेही आम्हांला वाटत नाही. विहिरीला पाणी असून चालत नाही, पाळी कुणाची आणि दार कुठे धरायचे हे ठरावे लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

वर्गात करता येण्यासारखे

धडा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत कोणत्याही विकराचे नाव आले की शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत: ते पेशीत नेमके कुठे आहे, कोणत्या वयात ते तिथे असते, आणि त्याला कोण अडवते? उत्तर माहीत नसले तरी चालेल. प्रश्न विचारण्याची सवय लागणे महत्त्वाचे.

सोबत तीन प्रयोग करता येतील. त्यांना बेनेडिक्टचे द्रावण पुरते, कारण शुद्ध सुक्रोज त्याला प्रतिसाद देत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज देतात. पहिला प्रयोग: साखरेच्या द्रावणाच्या एका नळीत पावाचे यीस्ट आणि दुसऱ्या नळीत तेच यीस्ट चांगले उकळून घालावे. कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून दोन्ही तपासावे. हा झाला परीक्षानळीतला धडा. दुसरा प्रयोग: एकाच ताज्या उसाचे वाढ्याजवळचे, मधले आणि बुडख्याजवळचे पेर घेऊन तिन्हींचा रस सारख्याच प्रमाणात पातळ करून तपासावा. वाढ्याकडचा रस जास्त लालसर रंग देईल. एक ऊस चार-पाच दिवस तसाच ठेवून मग पुन्हा तपासावा आणि रंगांची तुलना करावी. तिसरा प्रयोग: एकाच ढिगातले काही बटाटे टोपलीत आणि काही फ्रिजमध्ये तीन आठवडे ठेवावे. मग त्यांचे सारख्या जाडीचे काप सारख्याच तेलात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सारखाच वेळ तळून रंग पाहावा. तळण्यापूर्वी दोन्हींचा रसही तपासावा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगानंतर मुलांना विचारावे: विकर तेच, साखर तीच, मग फरक कशाने पडला? आलेखांनी मिळणारे उत्तर त्यांना इथे पुरणार नाही. उसाच्या दोन टोकांचे तापमान सारखेच आहे. बटाट्याच्या बाबतीत तर थंडीने विकराचा वेग कमी व्हायला हवा, असे आलेख सांगतो, आणि घडते उलटे. हा विरोध मुलांच्या लक्षात आणून द्यावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. एखाद्या मुलाने ‘पण बटाटा जिवंत आहे ना, सर’ असे म्हटले, तर धड्यात राहून गेलेली गोष्ट त्याला सापडली असे समजावे.